‘गुलदार’सोबतचा तुमचा फोटो जाहिरातीसारखा का येणार नाही?

नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने देशातल्या 40 पर्यटन प्रकल्पांना मंजुरी दिली. त्यातले दोन महाराष्ट्राचे. एक नाशिकचा ‘राम-काल पथ’, 99.14 कोटींचा. दुसरा सिंधुदुर्गातला, 46.91 कोटींचा: ‘आयएनएस गुलदार’ ही नौदलाची निवृत्त युद्धनौका निवती रॉकजवळ समुद्रतळाशी बसवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती तयार करायची. पहिल्याची चर्चा नाशिकमध्ये रोज होते. दुसऱ्याबद्दल मालवणला निघालेल्यांचा प्रश्न एकच असतो: जहाजासोबत फोटो मिळेल ना?

मिळेल. पण अख्खं जहाज, निळंशार पाणी आणि मध्ये तुम्ही, असा नाही. त्यात दोष कॅमेऱ्याचा नसेल.

गुलदार साधारण 83 मीटर लांब आहे. कोकण किनाऱ्याच्या पाण्यात इतकं लांबचं दिसतच नाही. नद्यांचा गाळ आणि सूक्ष्म जीव पाण्यात तरंगत असतात. त्यामुळे डोळ्यांना आणि लेन्सला जहाज तुकड्यातुकड्यानेच दिसणार.

दुसरी अडचण रंगाची. पाणी सूर्यप्रकाशातला लाल रंग सगळ्यात आधी शोषून घेतं. पाच मीटरवर तो बराचसा गेलेला असतो, दहा मीटरवर सगळं निळं-हिरवं दिसतं. लाल टी-शर्ट मातकट होतो. लाल फिल्टर किंवा नंतरचं एडिटिंग थोडी भर घालतं, पण जो प्रकाश लेन्सपर्यंत पोहोचलाच नाही, तो ॲप परत आणू शकत नाही.

मग फ्लॅश मारला तर? कसारा घाटात धुक्यात गाडीचा अप्पर लावल्यावर काय होतं, आठवा. समोर रस्त्याऐवजी पांढरी भिंत दिसते. पाण्यातही तेच होतं. लेन्सच्या शेजारचा फ्लॅश समोरच्या कणांवर आदळून परत येतो आणि फोटोभर पांढरे ठिपके पडतात. म्हणून पाण्याखालचे छायाचित्रकार दिवे लांब दांड्यांवर, दोन्ही बाजूंना तिरपे लावतात. आणि त्यांची सगळ्यात मोठी युक्ती फुकट आहे: जवळ जा. कॅमेरा आणि विषय यांच्यात जितकं कमी पाणी, तितका फोटो स्वच्छ.

बहुतेक गोप्रो कॅमेरे वेगळ्या कव्हरशिवाय दहा मीटरपर्यंत चालतात, त्याखाली हाउसिंग लागतं. फोनवरच्या ‘आयपी 68’ या शिक्क्यावर मात्र विसंबू नका. ती चाचणी स्थिर, गोड्या पाण्यातली असते. दहा मीटरवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो आणि समुद्राचं पाणी खारं. बाजारातल्या प्लास्टिकच्या पाऊचमध्ये फोन घालून खाली जाणं म्हणजे फोनचा निरोप समारंभच.

आता खरी काळजीची गोष्ट. व्हिडिओ चांगला यावा म्हणून पाण्यात पाव-बिस्किटं टाकून मासे गोळा केले जातात, पर्यटक प्रवाळावर हात टेकतात, कधी पायही. मालवणला सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झालं. प्रवाळ बांधणाऱ्या प्रजातींना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचं संरक्षण. वाघाला टेकून कोणी फोटो काढत नाही.

बुकिंग करताना ‘व्हिडिओ पॅकेजमध्ये आहे का?’ हे सगळे विचारतात. त्याआधी होडीत लाइफ जॅकेट किती आणि माणसं किती, हे विचारा. मे 2022 मध्ये तारकर्लीत स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा जीव गेला.

गुलदारवर खरोखर प्रवाळ आणि मासे वस्तीला आले का, हे उद्घाटनाच्या बातम्यांवरून कळणार नाही. त्यासाठी जहाजाच्या एकाच कोपऱ्याचे, त्याच अंतरावरून, दर हंगामात काढलेले फोटो लागतील. प्रवाळांचा अभ्यास करणारे अशाच पद्धतीने काम करतात. तेव्हा जहाजाजवळ गेलात, तर सेल्फीसोबत गंजलेल्या पत्र्याचाही एक फोटो काढा, आणि त्यावर तारीख आणि खोली लिहून ठेवा.