मालमत्तेचा हक्क गेला कोणाचा?

खाजगी मालमत्तेच्या हक्काचें नांव काढतांच आमच्या सुशिक्षित मंडळींच्या डोळ्यांपुढें जमीनदार उभा राहतो, आणि मग विचार करण्याचें कारणच उरत नाहीं. मिरजेंत तर हें साहजिकच. पटवर्धनांचीं थोरली व धाकटी अशीं दोन्ही संस्थानें १९४८ सालीं विलीन झालीं, त्या काळाच्या गोष्टी ऐकत आमची पिढी वाढली.

जमीनदारी मोडावयास हवी होती, यांत वाद नाहीं. पण ती मोडली केव्हां? १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीनें ३१-अ कलम व नववें परिशिष्ट आलें. कूळकायद्यान्वयें १ एप्रिल १९५७ रोजीं कसणारें कूळ जमिनीचें मालक मानलें गेलें. १९६१ सालीं कमाल धारणेची मर्यादा आली. हें सारें मालमत्तेचा हक्क मूलभूत असतांनाच झालें! मग १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनें तो हक्क मूलभूत हक्कांतून उचलून ३००-अ कलमांत नेऊन ठेवला, तो कोणाविरुद्ध? मागें उरलें होतें तें कालचें कूळ, सातबाऱ्यावर नुकतेंच नांव लागलेलें.

फरक नांवापुरताच आहे, असें कायदेपंडित म्हणतात. मूलभूत हक्कासाठीं नागरिक ३२ व्या कलमान्वयें थेट सर्वोच्च न्यायालयांत जाऊं शकतो. ३००-अ साठीं ती वाट नाहीं. हा फरक नांवाचा? स्वतः कसलेल्या, मर्यादेंतील जमिनीस बाजारभाव मिळावा, अशी तरतूद १९६४ पासून ३१-अ मध्येंच आहे, हें खरें. पण ती किंमतीची हमी झाली. जमीन मुळांत घ्यावीच कां, हें ती विचारीत नाहीं. आणि नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाला २०२४ पासून विरोध करणारा सांगली-कोल्हापूरचा शेतकरी नेमकें हेंच विचारीत आला आहे. रत्नागिरी-नागपूर महामार्ग मिरजेवरून जात असतां दुसरा कशाला?

न्यायालयानें आपल्याकडून पुष्कळ केलें. मे २०२४ मध्यें कलकत्ता महापालिकेच्या खटल्यांत त्यानें ३००-अ मधून नोटीस, सुनावणी, सार्वजनिक हेतु, वाजवी भरपाई असे सात उपहक्क काढून दाखविले. नोव्हेंबरांत मुंबईच्या जुन्या इमारतींच्या खटल्यांत नऊ न्यायाधीशांनीं बहुमतानें सांगितलें कीं, प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ति नव्हे. परंतु न्यायाधीशांच्या अर्थविवरणावर शेतकऱ्यानें कोठवर विसंबावें? संसदेनें काढून घेतलें तें संसदेनेंच परत करावें. सर्व मालमत्तेसाठीं धैर्य होत नसेल, तर निदान राहतें घर व कमाल मर्यादेंतील कसती जमीन एवढ्यापुरता तरी हा हक्क पुन्हां मूलभूत करावा. जमीनदाराचें भय दाखवून यालाही नकार देणाऱ्यांनीं तो जमीनदार आज मिरज तालुक्यांत कोठें राहतो, तें एकदां सांगावें.