धडक तपासली, धक्के राहिले

येत्या २६ जानेवारीपासून स्पेनमधील बार्सिलोनाच्या ट्रॅकवर फॉर्म्युला वनच्या नव्या गाड्यांची चाचणी सुरू होत आहे. पाच दिवसांपैकी तीन दिवस प्रत्येक संघाला गाडी चालवता येईल. प्रेक्षकांना तेथे प्रवेश नाही. त्यानंतर फेब्रुवारीत बहरीनमध्ये तीन-तीन दिवसांची दोन सत्रे होतील. म्हणजे मोसमाआधी प्रत्येक संघाच्या वाट्याला एकूण नऊ दिवस. गेल्या वर्षी ते तीनच होते.

ही मोकळीक देण्याचे कारण उघड आहे. यंदा नियम मुळापासून बदलले आहेत. गाडीतील विद्युत मोटरची ताकद १२० किलोवॅटवरून ३५० किलोवॅटवर गेली आहे. पुढचे आणि मागचे पंख धावता धावता आपला कोन बदलणार आहेत. गाडीच्या तळाची रचनाही वेगळी आहे. क्रीडा पानांवर आता कोणाची गाडी किती वेगवान याची चर्चा रंगेल. वैद्यकशास्त्राच्या बाजूने पाहिले तर प्रश्न वेगळा आहे. नव्या यंत्रात माणूस बसवण्याआधी नेमके काय तपासले जाते आणि काय तपासायचे राहून जाते? या प्रश्नाचे उत्तर चार वर्षांपूर्वी एकदा मिळाले आहे. ते अनेकांच्या पाठींना महाग पडले होते.

त्याआधी चाचण्यांवर मर्यादा का आल्या, हे पाहायला हवे. पंचवीस वर्षांपूर्वी मोठे संघ वर्षभर, दोन शर्यतींच्या मधल्या दिवसांतही, गाड्या पळवत असत. फेरारीकडे तर फिओरानो आणि मुजेल्लो असे स्वतःचे दोन ट्रॅक होते. चाचणीसाठी वेगळे चालक आणि वेगळे पथक असे. ज्याच्याकडे पैसा, त्याच्याकडे जास्त किलोमीटर आणि म्हणून जास्त वेग, असे ते गणित होते. २००८ च्या आर्थिक संकटात होंडाने माघार घेतली आणि २००९ पासून मोसम सुरू असताना चाचणी करण्यावर जवळजवळ बंदीच आली. त्याच वर्षाअखेर बीएमडब्ल्यू आणि टोयोटाही बाहेर पडल्या. खर्चाला आळा घालणे ही खेळ टिकवण्याची गरज होती, यात शंका नाही.

पुढे वाऱ्याच्या बोगद्यातील चाचणीवरही बंधने आली. तेथे गाडीची प्रतिकृती मूळ आकाराच्या जास्तीत जास्त ६० टक्के असू शकते आणि वाऱ्याचा वेग सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटरच्या वर नेता येत नाही. २०२१ पासून त्यात आणखी एक भर पडली. आदल्या मोसमात जो संघ पुढे, त्याला चाचणीचा वाटा कमी. जो मागे, त्याला जास्त. २०२२ पासून विजेत्याला ठरलेल्या प्रमाणाच्या ७० टक्के आणि दहाव्या क्रमांकाच्या संघाला ११५ टक्के वाटा मिळू लागला. खर्चमर्यादा ओलांडल्याबद्दल २०२२ मध्ये रेड बुलला ७० लाख डॉलरचा दंड झाला, त्यासोबत या चाचणीत १० टक्के कपातही सोसावी लागली. चाचणी ही आता या खेळातील एक चलनच झाली आहे.

या व्यवस्थेचा फायदा झाला. स्पर्धा बरीच समपातळीवर आली. पण चाचणीचे तास कमी केले म्हणून गाडीतील अज्ञात गोष्टी कमी होत नाहीत. त्या फक्त उशिरा कळतात आणि बहुतेक वेळा चालकाला आधी कळतात. २००९ मध्ये हंगेरीत १९ वर्षांचा हायमे अल्गेर्सुआरी या गाडीचा ट्रॅकवर पुरेसा सराव न करताच पहिल्या शर्यतीला उभा राहिला. २०१० मध्ये आपल्या करुण चांडोकची अवस्था त्याहून बिकट होती. त्याच्या नवख्या संघाची गाडी वेळेत तयारच झाली नव्हती. बहरीनमध्ये थेट पात्रता फेरीत त्याने ती गाडी पहिल्यांदा चालवली. हे दोघेही सुखरूप राहिले. पण या दोन उदाहरणांत पुढच्या संकटाची चाहूल होती.

ते संकट २०२२ मध्ये आले. त्या वर्षीच्या नियमांनी गाडीच्या तळाखाली मोठ्या नळ्यांसारख्या वाटा करायला परवानगी दिली. त्यांतून वेगाने जाणाऱ्या हवेमुळे तळाखालचा दाब कमी होतो आणि गाडी जमिनीकडे ओढली जाते. वळणावर पकड वाढते. मात्र गाडी फार खाली आली की हवेचा प्रवाह कोंडतो, ओढ सुटते आणि गाडी वर उसळते. वर गेली की प्रवाह पुन्हा सुरू होतो आणि ती पुन्हा खाली खेचली जाते. सरळ रस्त्यावर ताशी ३०० किलोमीटरच्या वेगात हे सेकंदाला अनेकदा घडते. पाण्यातून वर-खाली उसळत जाणाऱ्या डॉल्फिनसदृश पॉर्पॉइज या प्राण्यावरून या दोषाला पॉर्पॉइझिंग म्हणतात. हा दोष नवा नव्हता. १९७० च्या दशकाअखेर लोटसने असे तळ आणले तेव्हाच तो दिसला होता. १९८३ पासून सपाट तळ सक्तीचे झाले आणि तो विस्मरणात गेला.

वाऱ्याच्या बोगद्यात तो का सापडला नाही? कारण तेथे प्रतिकृती लहान, वेग कमी आणि ती खांबाला घट्ट धरून ठेवलेली. खऱ्या गाडीसारखी ती टायर आणि स्प्रिंगवर उसळत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये बार्सिलोनाच्या ट्रॅकवर गाड्या उतरल्या, तेव्हा बहुतेक संघांना तो पहिल्यांदा दिसला. हाताशी त्या वर्षी एकूण सहाच चाचणी दिवस होते. उरलेला शोध शर्यती सुरू असतानाच घ्यावा लागला.

आता शरीराकडे वळू. बसलेल्या माणसाच्या धडाची स्वतःची एक लय असते. सेकंदाला साधारण चार ते सहा हेलकावे बसले की धड त्या कंपनाला सर्वाधिक साथ देते. झोपाळ्याला नेमक्या क्षणी हात लावला की थोड्या जोरातही तो उंच जातो, तसेच हे आहे. पॉर्पॉइझिंगची कंपने याच टप्प्याच्या आसपासची असतात. ट्रॅक्टरचा चालक खड्डा दिसला की सीटवरून किंचित उठतो, पायांवर भार घेतो. फॉर्म्युला वनचा चालक अर्धवट आडवा, पट्ट्यांनी आवळलेला, कार्बन फायबरच्या कडक आसनात बसलेला असतो. धक्का थेट कण्यात उतरतो. मणक्यांमधील चकत्या वारंवार दाबल्या जातात, पाठीचे स्नायू थकतात आणि थकले की संरक्षण देणे सोडतात. मान आणि डोके हलत राहिल्याने नजरही अस्थिर होते. ब्रेक नेमका कुठे दाबायचा हे ठरवणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही गोष्ट किरकोळ नाही.

१२ जून २०२२ रोजी अझरबैजानमधील बाकूची शर्यत झाली. तेथे दोन किलोमीटरहून लांब सरळ रस्ता आहे. शर्यत संपल्यावर सात वेळचा जगज्जेता लुईस हॅमिल्टन पाठ धरून, कसाबसा गाडीबाहेर आला. पिअर गॅसलीने प्रत्येक सत्राआधी आणि नंतर फिजिओथेरपी घ्यावी लागत असल्याचे सांगितले.

विशेष म्हणजे उपाय सर्वांना ठाऊक होता. गाडी जमिनीपासून थोडी वर उचलली की उसळणे कमी होते. पण वेगही कमी होतो. ज्यांच्या गाड्या कमी उसळत होत्या त्या संघांचे म्हणणे होते, की त्रास होत असेल तर त्यांनी आपली गाडी वर उचलावी, नियम कशाला बदलायचा? तर्क वरवर बिनतोड वाटतो. पण ज्याची नोकरी काही दशांश सेकंदांवर अवलंबून आहे, तो चालक आपणहून हळू गाडी मागणार नाही. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात अवजड वाहनांचे चालक पाठ धरून येतात, तेव्हा दुखणे बहुधा जुने झालेले असते. गाडी सोडली तर रोजगार जातो, म्हणून ते अंगावर काढलेले असते. धोका सोसणाऱ्यानेच तक्रार करावी, या अपेक्षेवर आरोग्याची व्यवस्था उभी राहू शकत नाही. म्हणूनच युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशात कामगारांच्या शरीराला पोहोचणाऱ्या कंपनांची आठ तासांच्या कामासाठीची मर्यादा आकड्यात लिहून ठेवली. कामगार सहन करतो की नाही, हे तेथे विचारले जात नाही.

अखेर आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने, म्हणजे एफआयएने, आपल्या डॉक्टरांशी सल्लामसलत करून बाकूनंतर चारच दिवसांत हस्तक्षेप केला. कॅनडाच्या शर्यतीत मोजमाप सुरू झाले आणि ऑगस्टअखेर बेल्जियमपासून मर्यादा लागू झाली. उभ्या दिशेतील उसळण्याची ऊर्जा १०० किलोमीटरमागे, दर किलोला १० ज्यूलच्या आत हवी. पुढच्या वर्षी तळाच्या कडा १५ मिलिमीटर वर घ्यायला लावल्या. उसळणे बरेच आटोक्यात आले. नियम सर्वांना सारखा झाल्यावर कोणाचे तुलनेने नुकसान झाले नाही, हे यातील महत्त्वाचे.

याच एफआयएची अपघाताबाबतची तयारी मात्र वाखाणण्यासारखी आहे. १९७८ पासून न्यूरोसर्जन सिड वॉटकिन्स यांनी शर्यतीच्या जागी वैद्यकीय सेवा उभी केली. मान वाचवणारे हॅन्स हे उपकरण २००३ मध्ये सक्तीचे झाले. २०१८ मध्ये चालकाच्या डोक्याभोवती हॅलो ही धातूची कमान आली. जवळपास १२ टनांचा भार सोसल्याशिवाय ती गाडीवर चढत नाही. २०२० मध्ये बहरीनमध्ये रोमँ ग्रोजाँची गाडी ताशी १९२ किलोमीटर वेगाने कठड्यात घुसली, तिचे दोन तुकडे झाले, आग लागली. भाजलेल्या हातांनिशी तो चालत बाहेर आला. या चाचण्या महाग आहेत, पण खर्च वाचवण्यासाठी त्या कमी करा, असे कोणी म्हणत नाही.

फरक येथे आहे. एका मोठ्या धडकेसाठी नियमावली सज्ज होती; हजारो लहान धक्क्यांसाठी नव्हती. वैद्यकशास्त्राच्या भाषेत, इजेचा विचार झाला होता, व्यवसायजन्य आजाराचा नाही. चालकांच्या हातमोज्यात २०१८ पासून नाडी आणि रक्तातील ऑक्सिजन मोजणारा संवेदक आहे. पण त्याचा मुख्य हेतूही अपघातानंतर बचावपथकाला माहिती मिळावी हाच.

ऑक्टोबर २०२३ मध्ये कतारमध्ये हेच पुन्हा दिसले. दमट उष्म्यात एस्तेबान ओकाँला हेल्मेटमध्येच उलटी झाली आणि लोगन सार्जंटला शर्यत अर्धवट सोडावी लागली. त्यानंतर नियम आला. २०२५ पासून उष्णता निर्देशांक ३१ अंशांच्या वर जाण्याचा अंदाज असेल, तर चालकाला गार ठेवणारी यंत्रणा गाडीत बसवावी लागते आणि तिच्या वजनाएवढी सूट सर्वांना मिळते. उपाय शहाणपणाचा आहे. पण तोही शरीरे कोसळल्यानंतर आला.

यंदाच्या गाड्यांचा तळ अधिक सपाट आहे, त्यामुळे जुने उसळणे कमी होण्याची अपेक्षा आहे. पण नव्या गाडीत वीज कधी साठवायची, कधी वापरायची, पंख कधी उघडायचे, हे ओझे चालकाच्या डोक्यावर वाढले आहे. नवा त्रास कोणत्या अवयवाला होईल, हे आज सांगता येणार नाही. म्हणूनच या नऊ दिवसांत गाडीबरोबर माणसाचेही मोजमाप व्हावे. आसनाशी आणि हेल्मेटशी पोहोचणारी कंपने, शरीराचे तापमान, सत्रानंतरची पाठ, मान आणि नजर यांची तपासणी, अशा नोंदी सर्व संघांकडून सारख्याच पद्धतीने घ्याव्यात. त्या संघाच्या डॉक्टरांकडे न राहता एफआयएकडे जाव्यात. आणि आरोग्याचा दोष दुरुस्त करण्यासाठी लागणारी चाचणी संघाच्या वाट्यातून कापली जाऊ नये.

नव्या औषधाच्या मानवी चाचणीत आधी ते किती सुरक्षित आहे हे पाहतात, गुण किती येतो हे त्यानंतर. खर्च कमी करायचा म्हणून हा क्रम कोणी उलटा करत नाही. शर्यतीच्या मैदानातही तो उलटा करण्याचे कारण नाही. चाचणीचे दिवस मोजकेच असतील, तर त्यातील पहिला तास तरी आत बसलेल्या माणसाचा असावा.