रसायनशास्त्र आपलें आपण

बारावीची मंडळाची परीक्षा मार्चांत आटोपते आणि राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा, जिला सर्वजण सी. ई. टी. म्हणतात, ती एप्रिलांत दारांत उभी राहते. २०२५ सालीं असेंच झालें. मधल्या चार-पांच आठवड्यांत पुण्यांतील कित्येक घरांत एकच चर्चा चालते : मुलाचें रसायनशास्त्र कच्चें आहे, तर आतां कोणता वर्ग लावावा? आमच्या शाळेंतून दहावी होऊन गेलेले विद्यार्थी व त्यांचे पालक हा प्रश्न घेऊन आमच्याकडेहि येतात, आणि आमचें उत्तर ऐकून बहुधा किंचित् निराश होऊन परततात. वर्ग लावूंच नका, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पाया कच्चा असेल तर तो विद्यार्थ्यानें एक पुस्तक पुढें घेऊन आपल्या हातानेंच भरला पाहिजे. हें काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करवून घेतां येत नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

परीक्षेचें स्वरूप आधीं पाहूं. २०२५ सालीं रसायनशास्त्राचे ५० प्रश्न होते व प्रत्येकास १ गुण होता. अभ्यासक्रम राज्य मंडळाचाच. त्यांत सुमारें २० टक्के भाग अकरावीचा व ८० टक्के बारावीचा. चुकलेल्या उत्तराबद्दल गुण कापले जात नव्हते. मुलें फसतात तीं येथेंच. अकरावीचा वांटा अवघा वीस टक्के, तेव्हां तें पुस्तक बांधून माळ्यावर टाकावें, असा हिशेब तीं करतात. पण बारावीचीं द्रावणें घ्या, विद्युत्-रसायन घ्या किंवा अभिक्रियेचा वेग घ्या; हीं सारीं प्रकरणें 'मोल' या एका कल्पनेवर उभीं आहेत, आणि मोल समजावून दिला आहे तो अकरावीच्या पहिल्याच प्रकरणांत. तो ज्याला उमगला नाहीं, त्याला पुढील प्रत्येक उदाहरण पाठच करावें लागतें. आणि पाठ केलेलें उदाहरण आंकडे बदलतांच परकें होतें.

बरें, पुस्तक दुर्मिळ आहे म्हणावें, तर तेंहि नाहीं. १९६७ सालीं स्थापन झालेल्या बालभारतीचें कार्यालय आपल्याच सेनापती बापट मार्गावर आहे. तिनें अकरावीचें रसायनशास्त्राचें पुस्तक २०१९ सालीं व बारावीचें २०२० सालीं काढलें. दोहोंत सोळा सोळा प्रकरणें आहेत. असें असतां अप्पा बळवंत चौकांतून मार्गदर्शकांची चळत घरीं येते आणि मूळ पुस्तक कोरेंच राहतें! हा प्रकार आम्हांस नेहमींच चमत्कारिक वाटत आला आहे.

आपलें आपण शिकणें म्हणजे काय, हें एका उदाहरणानें सांगतों. खाण्याचा सोडा प्रत्येक स्वयंपाकघरांत असतो. त्याच्या एका रेणूंत सोडियमचा एक, हायड्रोजनचा एक, कार्बनचा एक व ऑक्सिजनचे तीन अणु असतात. त्यांचीं वजनें २३, १, १२ आणि ४८ यांची बेरीज ८४. म्हणून एक मोल सोडा म्हणजे ८४ ग्रॅम. यांत पुरेसा लिंबाचा रस घातला तर त्यांतील सर्व कार्बन वायुरूपानें निघून जातो व ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. तोच सोडा नुसता तापविला तर? तेव्हां सोड्याचे दोन रेणु मिळून वायूचा एकच रेणु देतात. म्हणजे ८४ ग्रॅमांपासून वायु निघतो तो अवघा २२ ग्रॅम. उरलेला कार्बन धुण्याच्या सोड्यांत अडकून राहतो. ढोकळ्याच्या पिठांत सोड्याबरोबर आई लिंबू कां पिळते, याचें उत्तर या हिशेबांत आहे. नुसत्या सोड्यानें पदार्थ फुगतो कमी, आणि वर साबणासारखी चव येते ती निराळीच. हें समीकरण ज्यानें स्वतः कागदावर मांडून दोन्ही बाजूंचे अणु मोजून पाहिले, त्याला 'मोल' म्हणजे काय हें पुन्हां विचारावें लागत नाहीं.

अशींच दुसरीं साधनें घरांत आहेत. हळदींत चुना मिसळतांच ती लाल होते. जास्वंदीच्या फुलाचा अर्क लिंबानें तांबडा व सोड्यानें हिरवट होतो. चुन्याच्या निवळींत नळीनें फुंकर घातली तर ती दुधाळ होते, आणि फुंकीत राहिल्यास पुन्हां निवळूं लागते. हें दुसरें कां होतें, तें पुस्तकांत शोधावें. मात्र निवळी तोंडांत वा डोळ्यांत जाऊं देऊं नये. आणि शौचालय धुण्याचें आम्ल व कपड्यांचें विरंजक द्रव्य एकत्र करण्याचा प्रयोग कोणींहि, कधींहि करूं नये. त्यांतून क्लोरीन हा विषारी वायु निघतो.

मराठी माध्यमाच्या मुलांची एक अडचण निराळी आहे. दहावीपर्यंत ओळखीचीं असलेलीं संयुजा, मूलद्रव्य, संयुग, क्षपण हीं नांवें अकरावींत एकाएकीं व्हॅलन्सी, एलेमेंट, कंपाउंड, रिडक्शन होऊन येतात. मुलास वाटतें, आपणांस शास्त्रच कळत नाहीं. वस्तुतः त्याला शब्द तेवढा ठाऊक नसतो. वहीचे दोन रकाने पाडून असे शंभर-सव्वाशें शब्द समोरासमोर लिहिले कीं निम्मी भीति जाते. मराठींत हें शास्त्र बोलतांच येत नाहीं, असें ज्यांस वाटतें त्यांनीं कोल्हापुरच्या बाळाजी प्रभाकर मोडकांचें स्मरण करावें. त्यांनीं एकोणिसाव्या शतकांतच रसायनशास्त्रावर मराठींत ग्रंथ लिहिले.

गुरूवांचून शिकतां येतें काय, असा आक्षेप पालक घेतात. लंडनमधील मायकेल फॅराडे १८०५ सालीं, वयाच्या चौदाव्या वर्षीं, एका पुस्तकबांधणीच्या दुकानांत उमेदवारीस लागला. तेथें जेन मार्सेट या बाईंचें रसायनशास्त्रावरील संवादात्मक पुस्तक त्याच्या हातीं आलें. त्यानें तें वाचलें, आणि त्यांतील विधानें आपल्या तुटपुंज्या साधनांनीं पडताळूनहि पाहिलीं. १८१३ सालीं तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें हम्फ्री डेव्हींच्या हाताखालीं रुजू झाला. प्रत्येक मुलगा फॅराडे होत नाहीं हें आम्हीहि जाणतों. पण वाचलेलें पडताळून पाहण्याची त्याची रीत कोणासहि उचलतां येईल.

तथापि आक्षेपांत तथ्य आहे. एकट्यानें शिकणाऱ्याची चूक त्याला दिसत नाहीं. समीकरण जुळत नाहीं म्हणून एखादा मुलगा पाण्याच्या रेणूंतच ऑक्सिजनचा आणखी एक अणु घालतो. आंकडे जुळतात, पण तें आतां पाणी राहिलें नसून हायड्रोजन पेरॉक्साइड झालें आहे, हें त्याला कोण सांगणार? ज्या घरांत शास्त्र शिकलेलें कोणी नाहीं, तेथें ही अडचण अधिकच. यासाठीं तिघां-चौघांनीं मिळून बसावें, एकानें सोडविलेलें उदाहरण दुसऱ्यानें तपासावें, व जेथें सर्वच अडतील तेथें शिक्षकांस गांठावें.

म्हणून शाळेच्या चालकांस आमची विनंति आहे कीं, बारावीची परीक्षा संपल्यापासून सी. ई. टी. होईपर्यंत आठवड्यांतून दोन संध्याकाळीं प्रयोगशाळा आपल्या माजी विद्यार्थ्यांसाठीं उघडी ठेवावी. तेथें व्याख्यान नको. एक शिक्षक, एक फळा आणि अडलेल्या वह्या घेऊन आलेलीं मुलें, एवढें पुरे. आणि पालकांनीं तेवढे चार-पांच आठवडे या मुलांस लग्नकार्यांच्या आमंत्रणांतून सूट द्यावी.