ई-पीक पाहणीच्या हंगामासाठी क्लाउड साठवणीची गती आधीच वाढविण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जमाबंदी आयुक्त आणि संचालक, भूमी अभिलेख,
महाराष्ट्र राज्य, पुणे.

द्वारा : मा. तहसीलदार, बारामती व मा. तहसीलदार, इंदापूर.

विषय : ई-पीक पाहणीच्या मुदतीपूर्वी साठवणीचे आयओपीएस व थ्रूपुट तपासून वाढविण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे बारामती व इंदापूर तालुक्यांतील शेतकरी आणि सेवा केंद्रचालक हे निवेदन सादर करीत आहोत.

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र काढायचे व नोंद गाव नमुना १२ वर चढवायची, ही पद्धत आम्ही स्वीकारली आहे. पीक विमा, नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी, सगळीकडे ही नोंद विचारली जाते. मात्र मुदतीच्या शेवटच्या दिवसांत राज्यभरातून एकदम गर्दी होते आणि प्रणाली संथ होते. यापूर्वी एकाहून अधिक वेळा मुदतवाढ द्यावी लागली आहे.

नीरा डाव्या कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला ठाऊक असते, की धरण भरलेले असले तरी विसर्ग कमी असेल तर रान कोरडेच राहते. क्लाउड साठवणीचेही तसेच आहे. जीबी म्हणजे साठा. विसर्गाची मापे दोन : सेकंदाला किती वेळा वाचन-लेखन होते ते आयओपीएस आणि सेकंदाला किती माहिती वाहते ते थ्रूपुट. पिकाची एकेक नोंद आयओपीएसवर चालते. मोठ्या फायली व बॅकअप थ्रूपुट खातात.

काही जुन्या प्रकारांत गती आकाराला बांधलेली असते. ॲमेझॉनच्या क्लाउड साठवणीतील जीपी२ प्रकारात दर जीबीमागे ३ आयओपीएस मिळतात. १०० जीबीला ३०० झाले. गर्दीत ते ३,००० पर्यंत जातात, पण सुमारे अर्धा तासच. पुढे, विहीर उपसल्यावर झऱ्यावर मोटर चालवावी, तशी गत होते. जीपी३ मध्ये आकार कितीही असो, ३,००० आयओपीएस व सेकंदाला १२५ एमबी मुळातच मिळतात आणि दोन्ही मापे चालू स्थितीत वेगवेगळी वाढवता येतात. हंगाम सरल्यावर ती उतरवताही येतात. वाढवलेला आकार मात्र तिथे कमी करता येत नाही. म्हणून गतीसाठी आकार वाढवणे हा कायमचा खर्च ठरतो.

आमच्या मागण्या :

१. मागील खरिपाच्या शेवटच्या आठवड्यातील आयओपीएस, थ्रूपुट, विलंब व रांगेची लांबी तपासावी. अडथळा साठवणीत, सर्व्हरमध्ये, डेटाबेसमध्ये की नेटवर्कमध्ये, हे ठरवून निष्कर्ष जाहीर करावा.

२. साठवण आकाराला बांधलेल्या प्रकारातील असल्यास, गती स्वतंत्र ठरवता येणाऱ्या प्रकारात ती बदलावी.

३. गती मुदतीच्या शेवटच्या दिवशी न वाढवता किमान आठ दिवस आधी वाढवून भार-चाचणी घ्यावी. बदल पूर्ण लागू होण्यास काही तास जाऊ शकतात व लागोपाठ बदल करण्यावर मर्यादा असते.

४. सर्व्हरची स्वतःची मर्यादाही त्याच वेळी तपासावी. चारी अरुंद असेल तर कालव्यात पाणी वाढवून उपयोग नाही.

५. शेवटच्या आठवड्यात बॅकअप व मोठे अहवाल रात्रीच चालवावेत.

६. सेवा पुरवठादाराच्या करारात हंगामी किमान गती आकड्यांत लिहावी व तिच्यासाठी एक अधिकारी जबाबदार धरावा.

७. प्रणाली जितके तास संथ राहील, तितकी मुदत आपोआप वाढावी. त्यासाठी शेतकऱ्याला अर्ज करावा लागू नये.

पाण्याचे आवर्तन आधी ठरते, तारखा आधी कळतात. पीक पाहणीच्या तारखाही शासनच ठरवते. तेव्हा गर्दी कधी होणार हे आधीच माहीत असते. पुढील हंगामापूर्वी या मागण्यांवर निर्णय घेऊन आम्हांस लेखी कळवावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
बारामती व इंदापूर तालुक्यांतील शेतकरी आणि सेवा केंद्रचालक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी, पुणे.