कोदरियाचे दहा भिडू कोण होते?

मंडळी, जुन्या इंदूरच्या खेळांचा विषय निघाला की आपल्या घरांत गाडी होळकर टीमवरच येऊन थांबते. सी. के. नायडू, मुश्ताक अली, यशवंतराव महाराजांचा आश्रय, चार वेळा रणजी ट्रॉफी! अभिमान मलाही आहे. पण महाराजांच्या टीमचं सगळं तोंडपाठ आणि गावच्या क्लबमधलं एक नाव सांगता येत नाही, याला मी इतिहास म्हणत नाही. ही नुसती दरबारी आठवण झाली.

महूजवळच्या कोदरिया गावात फुटबॉल क्लब होता. हौशी, गावचा. त्याचे कप्तान होते शंकर लक्ष्मण. जन्म 1933चा, महूचा. 1947 साली फौजेत गेले, तेही बँडमध्ये. आणि पलटण कुठली, तर मराठा लाइट इन्फंट्री! पुढे फुटबॉल सुटला, हॉकी धरली, गोलकीपर झाले. 1956 मेलबर्न, 1960 रोम, 1964 टोकियो. तीन ऑलिंपिक, दोन सुवर्ण, एक रौप्य. मेलबर्नला तर भारतावर एकही गोल झाला नाही. टोकियोत पाकिस्तानला फायनलमध्ये 1-0 नं हरवलं, तेव्हा एका परदेशी मासिकानं लिहिलं की लक्ष्मणला हॉकीचा चेंडू फुटबॉलएवढा दिसत असावा. त्या लिहिणाऱ्याला कोदरिया कुठून ठाऊक असणार? पण आपल्याला ते पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे.

कुणी म्हणेल, "अहो, गावठी क्लबचा कसला इतिहास? त्यांना घडवलं फौजेनं." हॉकी फौजेनं शिकवली, कबूल. पण कप्तान एकटा होत नाही. त्याच्यामागे दहा भिडू लागतात, समोर दुसरी टीम लागते, मैदान राखणारं कुणीतरी लागतं. ते सगळे कुठे गेले?

दुसरं म्हणणं, फुटबॉल आपला नाही, छावणीतल्या गोऱ्यांचा. मग क्रिकेट काय होळकरांनी शोधलं? आणि शंकर लक्ष्मण यांच्या घरी मराठी बोलत की नाही, हा प्रश्नच फिजूल आहे. आपण पिढ्यान्‌पिढ्या माळव्याचं मीठ खातो, तर माळव्याचा खेळाडू परका कसा?

अर्जुन पुरस्कार मिळाला, पद्मश्री मिळाली. तरी 2006 साली महूतच, पायाला गँगरीन होऊन, हलाखीत गेले. ऑलिंपिकवाल्याची ही गत, तर त्या दहांची आठवण कोण ठेवणार?

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे. होळकर टीमवर लिहायला पुस्तकं आहेत, स्टेडियमला नाव आहे. तो किस्सा शंभराव्यांदा लिहू नका. महू, कोदरियाकडे ज्यांचं घर किंवा नातं आहे, त्यांनी घरातल्या ऐंशी-नव्वदीच्या मंडळींना याच आठवड्यात विचारा. कोण कोण खेळायचं? चेंडू कुठून यायचा, वर्गणी किती, मॅच कुणाशी? नावं लिहून घ्या, जुना ग्रुप फोटो असेल तर मागे पेन्सिलीनं ओळखी लिहा. सांगणारी माणसं आता फार थोडी उरलीत हो.