पटलावर ठेवला म्हणून नियम वैध होत नाही

कायदा लोकप्रतिनिधी करतात, त्यातल्याच अधिकारातून सरकार नियम करते आणि ते संसदेच्या पटलावर ठेवते. मग निवडून न आलेल्या न्यायाधीशांनी त्यात लुडबुड का करावी, असा सवाल नेहमी केला जातो. सवाल बिनतोड वाटतो, पण पटलापाशीच अडखळतो. आपल्याकडे नियम साधारण ३० दिवस पटलावर असतो आणि तोवर बहुधा राजपत्रात छापून लागूही झालेला असतो. कुणी हरकत घेतली नाही, तर चर्चेविना मुदत संपते. पटलावर ठेवल्याने अधिकारबाह्य नियम वैध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने हुकमचंद खटल्यात १९७२ सालीच सांगितले आहे.

ब्रिटनमध्ये तर संसद सार्वभौम. तिचा कायदा न्यायालय रद्द करू शकत नाही. मंत्र्याचा आदेश मात्र करते. २०१३च्या आदेशाने नोकरीविषयक न्यायाधिकरणात दाद मागायला शुल्क बसले. अन्यायाने कामावरून काढल्याची तक्रार सुनावणीपर्यंत न्यायची, तर एकूण १,२०० पौंड. दावे सुमारे दोन तृतीयांशांनी घटले. 'युनिसन' ही कामगार संघटना न्यायालयात गेली. २०१७च्या निकालात लॉर्ड रीड यांनी तुटपुंज्या पगारावरच्या कुटुंबांचा जमाखर्चच मांडून पाहिला. शुल्क भरायचे, तर जगण्याच्या साध्या खर्चावर पाणी सोडावे लागत होते. आदेश मुळापासून बेकायदा ठरला.

आपल्याकडचा कॉल ड्रॉपचा निकाल अनेकांना रुचला नाही. तुटलेल्या प्रत्येक कॉलमागे एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन, ही दूरसंचार नियामक ट्रायने ठरवलेली भरपाई २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात रद्द झाली. ग्राहकाच्या तोंडचा घास गेला, असे वाटणे साहजिक आहे. तरी निकाल योग्यच होता. ट्रायच्याच मानकांत महिन्याला सरासरी २ टक्के कॉल तुटणे मान्य होते. ते पाळणाऱ्या कंपनीलाही भुर्दंड कशासाठी, याचे समाधानकारक उत्तर नव्हते. हेतू चांगला म्हणून मनमानी खपवून घेतली, तर उद्या वाईट नियमालाही तीच सबब मिळेल.

न्यायाधीशांनी धोरण ठरवू नये, हे मात्र मान्यच. महाराष्ट्राच्या परीक्षा मंडळाने पुनर्मूल्यांकनाला आणि उत्तरपत्रिका पाहायला केलेला मज्जाव मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला, तेव्हा १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला: धोरणाचे शहाणपण तोलणे आमचे काम नव्हे. पण शहाणपण तोलणे वेगळे आणि कारणे मागणे वेगळे. मोटारींत एअरबॅग किंवा आपोआप बसणारा पट्टा सक्तीचा करणारा नियम अमेरिकेत रेगन यांच्या काळात मागे घेतला गेला. १९८३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एअरबॅग बसवा, असे फर्मावले नाही. निव्वळ एअरबॅगच्या सक्तीचा विचार का केला नाही, असे विचारून विषय फेरविचाराला पाठवला.

तिथे मसुदा आधी जाहीर करून हरकती मागवणे १९४६च्या कायद्याने सर्वसाधारणपणे बंधनकारक आहे. आपल्याकडे सर्व खात्यांना लागू असा कायदा नाही. कॉल ड्रॉपच्याच निकालात न्या. रोहिंटन नरिमन यांनी संसदेने त्याचा विचार करावा, असे सुचवले होते. न्यायालयाची लुडबुड ज्यांना खुपते, त्यांनी आधी तो कायदा मागावा.