माळ लांबली, काळू गेला

परवा नांदगाव खंडेश्वरहून आईचा फोन. "मोत्याचे डोये पिवये दिसून राह्यले. दोन दिवसापासून भाकरीले तोंड नाही लावलं त्यानं." शेजारच्या काकूंनी कावीळीची माळ सुचवली होती. म्हटलं, "माळ राहू दे आई, आधी डॉक्टर!"

कारण आमचा आधीचा काळू तसाच गेला. माळ लांबते तशी कावीळ उतरते म्हणतात. माळ लांबत गेली, काळू खंगत गेला.

मंडळी, कावीळ हा रोग नाही, लक्षण आहे. आमच्या भाषेत एरर मेसेज. बग वेगळाच असतो: गोचिडांमुळे होणाऱ्या बॅबेसियात रक्तपेशी फुटतात, लेप्टोस्पायरोसिसमध्ये यकृत बिघडतं, कधी पित्तनलिका तुंबते. बाहेरून सगळं पिवळंच! रक्त तपासल्याशिवाय फरक कळत नाही.

केसांमुळे कातडी दिसत नाही, म्हणून डोळ्यांचा पांढरा भाग, हिरड्या आणि कानाची आतली बाजू दिवसाच्या उजेडात बघा. पिवळेपणा दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सोबत गर्द नारिंगी लघवी, उलट्या, पांढुरक्या हिरड्या असतील, तर तासभरही थांबू नका. घरातली पॅरासिटामॉल तर देऊच नका, ती यकृतावरच उठते. आणि लेप्टो माणसालाही होतो. लघवी साफ करताना हातमोजे घाला.

तालुक्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. अकोल्याला तर पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे. कमी पडतं ते आपलं वेळेवर निघणं.

असो. मोत्या सध्या सलाईनवर आहे. पुढचं माहीत नाही, पण या वेळी आम्ही थांबलो नाही.